नववं बसकर

डबी मल्लिनाथांच्या बंडीच्या आतल्या खिशात होती, आणि ती तिथं आहे हे घरात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हतं.

लिंबाएवढी चांदीची डबी. तिच्यात त्यांच्या बायकोचं, दाक्षायणीचं, इष्टलिंग. लहानपणी जंगमांनी गळ्यात बांधलं, ते घालूनच ती लग्न होऊन या घरात आली आणि त्रेचाळीस वर्षं अंघोळीलासुद्धा तिनं ते काढलं नाही. लिंगायत माणूस गेल्यावर त्याला मातीत बसवतात तेव्हा त्याचं लिंग त्याच्याबरोबर जातं. त्यासाठीच जन्मभर ते अंगावर वागवायचं असतं. आणि मे महिन्यात दाक्षायणी गेली ती बाजारातून धावतपळत आणलेल्या नव्या लिंगासह.

झालं होतं असं. दवाखान्यात मशीनखाली न्यायच्या आधी नर्सनं अंगावरचं सगळं उतरवायला लावलं. बांगड्या, जोडवी, डबी, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिनं मल्लिनाथांच्या हातात दिलं. त्यांनी बांगड्या नि जोडवी खिशात टाकली, डबी रिपोर्टच्या पिशवीत सरकवली आणि पिशवी स्कूटरच्या डिकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाक्षायणी गेली. रुद्रभूमीत, समाजाच्या दफनभूमीत, स्वामींनी लिंग मागितलं तेव्हा मल्लिनाथांना आपलं नावही नीट सांगता आलं नसतं. गळा मोकळा दिसला. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सोळाव्या दिवशी पंक्चरचं सामान काढायला त्यांनी डिकी उघडली, तर रिपोर्टच्या खाली डबी.

त्या सोळा दिवसांत त्यांच्या बहिणीनं, अक्कांनी, अक्कलकोटपर्यंत सांगून टाकलं होतं, की त्या वरच्या खोलीच्या नादानं दाक्षायणीनं गळ्यातलं लिंग टाकलं.

मल्लिनाथ गप्प राहिले. आज सहा महिने झाले तरी गप्पच होते.

आज स्मरणाचं जेवण होतं. स्वामींची पाद्यपूजा झाली, गव्हाची गोड हुग्गी झाली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली. पाहुणे पांगले. भवानी पेठेतल्या त्या दोन मजली घराच्या पुढच्या सोप्यात आता घरचेच उरले होते. मल्लिनाथांची थोरली बहीण सिद्धेश्वरी अक्का, मुलगा बसवेश, टेंभुर्णीहून आलेली मुलगी भुवनेश्वरी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर गुरुपादय्या स्वामी. स्वामी तिशीतले, एरवी एका शाळेत क्लार्क. हुग्गी जरा जास्त झाल्यामुळं डोळे मिटून बसले होते. आत सून धनलक्ष्मी भांडी आवरत होती.

"मल्लू," अक्का म्हणाल्या, "वरच्या खोलीचं काय ते आज ठरव. मी उद्या सकाळच्या गाडीनं चाललेय."

"काय ठरवायचं अक्का?"

"काय म्हंजे? बंद करायची. बावीस वर्षं तिच्या हौसेपायी चाललं. आता तीच न्हाय तर कुणासाठी जिना चढत्यात ती माणसं?"

वरची खोली म्हणजे पूर्वी मागाचे बीम, ताण्याच्या सुताचे मोठे रूळ, ठेवायची जागा. मल्लिनाथ मागांचे फिटर होते, पुढं स्वतःचे चार यंत्रमाग झाले. माग चिंचोळी एमआयडीसीत गेले आणि खोली रिकामी पडली. त्याच सुमारास व्यंकटरत्नम नावाचे रेल्वेतले निवृत्त गार्ड जागा शोधत होते. त्यांना त्यांच्या एका सोबत्याकडून एक रीत मिळाली होती, सोबत्याला आणखी कुणाकडून. मागं ती कुठवर जाते हे कुणी शोधलं नाही. रीत इतकीच होती, की अर्धा तास बसायचं, हात मांडीवर उघडे ठेवायचे आणि स्वतःला त्याच्या हवाली करायचं. 'त्याच्या' म्हणजे कुणाच्या, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काही मागायचं नाही, काही म्हणायचं नाही. रडू आलं तर अडवायचं नाही, नाही आलं तर आणायचं नाही. अर्ध्या तासानं कुणीतरी 'झालं' म्हणायचं आणि उठायचं. बायका पाचला, पुरुष साडेसहाला, दर रविवारी. गुरू नाही, वर्गणी नाही. गार्डसाहेब गेले तरी खोली चालू राहिली, कारण दाक्षायणी आणि लालबी, दोघींनी ती धरून ठेवली. लालबी मागच्या गल्लीत राहायची. तिचा शिवणकामाचा धंदा होता आणि खोलीची किल्ली तिच्याकडं असायची.

"त्या खोलीत देव न्हाय, घंटा न्हाय, उदबत्ती न्हाय," अक्का म्हणाल्या. "मग हाय काय?"

"बसकरं हायत," आतून धनलक्ष्मी म्हणाली.

स्वामींना हसू आलं. अक्कांनी त्यांच्याकडं बघितलं तसे त्यांनी परत डोळे मिटले.

"बसवेश, तूच सांग तुझ्या बापाला."

बसवेश चाळिशीचा, कमी बोलणारा. तो नखानं सतरंजीची दशी उलगडत होता. "अप्पा, मला खोलीचं काही नाही. पण परवा समाजाच्या बैठकीत एकानं तोंडावर विचारलं. म्हणे, तुमच्या आईनं शेवटी लिंग टाकलं होतं म्हणे. चार माणसांत. मी काय सांगू सांगा?"

मल्लिनाथांचा हात बंडीकडं गेला आणि परत आला.

"खोली बंद केली तर विषय मिटेल," बसवेश म्हणाला. "लोक म्हणतील, होती एक हौस, गेली."

"मिटत नसतो तसा," भुवनेश्वरी म्हणाली. सकाळपासून ती याच क्षणाची वाट बघत होती. "बंद केली तर आईनं काहीतरी वाईट केलं असं आपणच कबूल केल्यासारखं. मी तोड काढलीय." ती उठली आणि भिंतीला लावलेलं, चादरीत गुंडाळलेलं काहीतरी पुढं ओढलं. सकाळी तिच्या नवऱ्याच्या टेम्पोतून दोन माणसांनी ते उतरवलं होतं. चादर काढली तर दाक्षायणीचा पुरुषभर उंचीचा फोटो, कपाळावर विभूती ठळक. खाली पितळी पाटी, 'मातोश्री दाक्षायणी ध्यानमंदिर'.

"हे वर लावायचं. गळ्यात लिंगाची डबी बघा, मुद्दाम काढून घेतलीय फोटोग्राफरकडून. खोटं बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद."

फोटोतली डबी फोटोग्राफरनं कम्प्युटरवर काढलेली होती. खरी डबी मल्लिनाथांच्या बरगडीला टोचत होती. त्या फोटोकडं त्यांना बघवेना. ते म्हणाले, "चहा टाका गं कुणीतरी."

तेवढ्यात मागच्या दारात चपला वाजल्या. लालबी असरची नमाज आटोपून आली होती. गुडघे दुखत असल्यामुळं ती आधी मागच्या ओट्यावर टेकायची आणि मग जिना चढायची. आज अक्कांनी तिला टेकू दिलं नाही.

"लालबी, इकडं या जरा. पुढं या."

लालबी आत आली. साठी ओलांडलेली, किडकिडीत बाई. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. फोटो बघून ती थबकली. "या अल्ला, दाक्षा एवढी मोठी कधी झाली?"

"मस्करी नको," अक्का म्हणाल्या. "सरळ विचारते, सरळ सांगा. दाक्षायणीला लिंग काढायला तुमी सांगितलं का?"

"न्हाय."

"त्या खोलीत तसा नेम हाय का? की आपापलं धरम भायेर ठेवायचं?"

"चपला ठेवायचं भायेर," लालबी म्हणाली. "बावीस वर्सं मी तितं बसते अक्का, माझी एक नमाज सुटली न्हाय. उलट आधी मी नमाज पढताना शिवायच्या ब्लाउजांचा हिशोब करायची. ते सुटलं. दाक्षाबी सकाळी लिंगपूजा करून यायची. खिरिस्तावांची एक मास्तरीण येते, ती चर्चमधनं येते. कुणी कुणाला काय सोडायला लावलं न्हाय."

"मग तिच्या गळ्यात का नव्हतं?"

"शेवटच्या आयतवारी होतं. उठताना पदर सारखा केला तवा मी बघितलं."

"मग गेलं कुटं?"

लालबीनं चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत घातला. "ते मी काय सांगू," ती म्हणाली.

"बघा," अक्का बसवेशला म्हणाल्या. "सांगता येत न्हाय."

भुवनेश्वरीला हे आवडलं नाही. "आत्या, खालांना कशाला धारेवर धरतेस? खाला, तुम्ही फक्त हो म्हणा. आम्ही हा फोटो वर लावतो, पाटी लावतो, खोली आईच्या नावानं चालू राहू दे."

तिला वाटलं होतं लालबीच्या डोळ्यांत पाणी येईल. लालबी मान हलवत म्हणाली, "नको बाळ."

"नको?"

"तितं कुणाचाच फोटो न्हाय. गार्डसाबांचा पण न्हाय. हे लावलं तर सगळ्यात आधी मीच दाक्षाकडं बघत बसेन अर्धा तास. मग सोडायचं काय आणि कुणाच्या हवाली करायचं?"

भुवनेश्वरीचा चेहरा उतरला आणि मग तापला. "म्हणजे आमच्या घरात आमच्या आईचा फोटो लावायला तुमची परवानगी पाहिजे? आत्या म्हणते ते बरोबरच आहे. बंदच करा अप्पा."

"आता आली का ताळ्यावर," अक्का म्हणाल्या.

लालबी वाद घालणाऱ्यांतली नव्हती. तिनं कमरेची किल्ली सोडली आणि चहाच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवली. "घर तुमचं हाय. तुमी म्हणाल तसं. आज बारा बायका येतील, त्यांना मी दारातनं सांगते."

"मला पण दारातनंच सांगणार का?"

धनलक्ष्मी चहाचं पातेलं घेऊन दारात उभी होती. सगळे तिच्याकडं बघायला लागले. नव्या माणसानं आधी बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसायचं, ही तिथली पद्धत होती. मग त्याला वाटेल तेव्हा आत.

"चार आठवडे झाले पायरीवर बसतेय," ती बसवेशला म्हणाली. "आज आत बसणार होते."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. रविवारी संध्याकाळी मी कुठं असते, हे तुम्हाला पडलंय कधी?"

बसवेश उठला. वाटलं तो चिडला. पण त्यानं तिच्या हातातलं गरम पातेलं घेतलं आणि स्वतः कप भरायला लागला. "आई गेल्यापासून तू झोपत नव्हतीस," तो खाली बघून म्हणाला. "आता झोपतेस, एवढं मला दिसतंय." मग अक्कांकडं वळला. "आत्या, मी खोली बंद करा म्हटलं ते मागं घेतो. पण त्या लिंगाचं काहीतरी उत्तर पाहिजे. ते नसेल तर उद्या लोक हिच्याबद्दलही तेच बोलतील."

"मग घ्या की लालबीकडनं उत्तर," अक्का म्हणाल्या. "शेवटच्या आयतवारी होतं म्हणते. मंगळवारी नव्हतं. मधल्या दिवसांत दवाखान्यात कोण होतं? मल्लू होता. आणि ही होती."

ही होती.

मल्लिनाथांना ते बाक दिसलं. हिरव्या रंगाचं, एक पाय लंगडा असलेलं. सहा महिन्यांत त्यांना नर्स आठवली होती, पिशवी आठवली होती, नर्सच्या हातातलं घड्याळसुद्धा आठवलं होतं. बाक आठवलं नव्हतं. त्या बाकावर लालबी बसली होती, मांडीवर थर्मास घेऊन. नर्सनं पिशवी दिली तेव्हा ती इतकी जवळ होती, की बांगड्या वाजल्या तशी तिनंच वर बघितलं होतं.

तिनं बघितलं होतं. तिला माहीत होतं. अक्कांनी गावभर तिचं नाव खराब केलं, गल्लीतल्या बायकांनी तिच्याकडं ब्लाउज टाकणं बंद केलं, आणि आता तिनं स्वतःच्या हातानं किल्ली ट्रेमध्ये ठेवली. एका वाक्यात सुटली असती. तिनं ते वाक्य उच्चारलं नाही, कारण ते मल्लिनाथांनी बोलायचं होतं.

त्यांनी बंडीत हात घातला आणि डबी बाहेर काढली.

 स्वामींनी डोळे उघडले.

"हे घ्या उत्तर," मल्लिनाथ म्हणाले. "नर्सनं माझ्या हातात दिली. मी डिकीत ठेवली आणि इसरलो. तिनं टाकली न्हाय. मी टाकली."

"कधी सापडली?" बसवेशनं विचारलं.

"सोळाव्या दिवशी."

"आणि आज सहा महिने?" अक्कांचा आवाज बारीक झाला होता. "मल्लू, मी गावभर बोलत सुटले. तू ऐकत होतास. एकदा म्हणायचं न्हाईस का, अक्का, तोंड आवर?"

"म्हटलो असतो तर ही द्यावी लागली असती," मल्लिनाथ म्हणाले. "तिचं सगळं गेलं. लुगडी भुवनेश्वरीनं वाटली, भांडी धनलक्ष्मीकडं गेली, ती स्वतः मातीत गेली. हे एक राहिलं होतं. अजून तिच्या अंगाचा वास येतो ह्याच्या दोऱ्याला. मला द्यायची नव्हती." त्यांनी लालबीकडं बघितलं. "लालबीला माहीत होतं. तिच्या देखत नर्सनं दिली."

आता सगळ्यांनी लालबीकडं बघितलं.

"खाला, खरंय हे?" भुवनेश्वरी म्हणाली.

"ते भाऊजींचं होतं," लालबी म्हणाली. "दुसऱ्याच्या मुठीतलं मी कशाला उघडू?"

 अक्का पदरानं तोंड पुसत होत्या, जणू काही सांडलं होतं. शेवटी त्या स्वामींना म्हणाल्या, "आता काय करायचं अय्यानोर? तुमी शिकलेले हाय."

स्वामी खुर्चीत सरळ झाले. "चूक झाली, पण भरून येण्यासारखी आहे. समाधीपाशी हातभर उकरून ठेवता येईल. मी येतो. पण आज स्मरणाचा दिवस आहे, आजच व्हावं. दिवस मावळायच्या आत."

"आजच?" मल्लिनाथ म्हणाले.

"दे इकडं," अक्कांनी हात पुढं केला.

मल्लिनाथांची मूठ उघडली नाही. त्यांनी खरंच प्रयत्न केला. चाळीस वर्षं पाने फिरवलेली बोटं होती ती, गंजलेला नट सोडवणारी. ती डबीभोवती आवळून बसली होती आणि त्यांचं ऐकत नव्हती.

"अप्पा," बसवेश हळूच म्हणाला.

"थांब जरा."

लालबी भिंतीला धरून उठली. पाच वाजायला आले होते आणि मागच्या बाजूला बायकांचे आवाज यायला लागले होते. तिनं ट्रेमधल्या किल्लीकडं बघितलं, पण उचलली नाही.

"अगं, त्याला ने की तुझ्याबरोबर वर," अक्का वैतागून म्हणाल्या. "तितं म्हणे सगळं सुटतंय ना? मग त्याचं सुटतंय का बघ."

"बोलवता येत न्हाय अक्का. आमच्यात कुणाला बोलवायचं न्हाय. आलेल्याला अडवायचं न्हाय."

"हे काय खूळ?"

"बोलावलं की माणूस आपल्यासाठी येतो. त्यानं त्याच्यासाठी यावं."

"म्हणूनच मग," मल्लिनाथ म्हणाले. ते डबीशी बोलल्यासारखे बोलत होते. "बावीस वर्षं तिनं मला एकदाबी म्हटलं न्हाय, की चला वर. मी खाली पेपर वाचत बसायचो. मला वाटायचं, हिला मी तितं नको हाय. हिचं हिचं काहीतरी हाय, त्यात माझं काम न्हाय."

"मामा," धनलक्ष्मी सासऱ्यांना म्हणाली, "एक विचारू? आत्याबाई गेल्यापासून बसकरं मी टाकतेय. पुरुषांना खालांनी मला नऊ टाकायला सांगितलंय. येतात आठ. एक नेहमी कोरं राहतं, दाराजवळचं. मी खालांना विचारलं, हे कुणाचं? तर म्हणाल्या, आत्याबाईंचा हिशोब आहे, मोडू नको."

मल्लिनाथांनी मान वर केली.

"पहिल्या दिवसापासनं," लालबी म्हणाली. "माणसं पाच आली तर सहा टाकायची. बारा आली तर तेरा. कुणी बसायला लागलं त्याच्यावर, तर म्हणायची, ते राहू दे, जिना चढायला वेळ लागतोय एकाला."

भुवनेश्वरी फोटोला टेकून रडायला लागली. अक्कांनी तिला जवळ ओढलं.

मल्लिनाथ उठले.  मूठ तशीच छातीशी धरून ते मागच्या ओट्यावर गेले, चपला काढल्या आणि जिना चढायला लागले. मागून अक्कांचा आवाज आला, "किल्ली घ्या की लालबी, त्याला बंद दारापुढं बसवणार हाय का?"

वरच्या पायरीवर ते बसले. नव्या माणसाची जागा तीच. शेजारून एकेक बाई आत गेली. तेलुगू बोलणारी एक म्हातारी, ती मास्तरीण, गल्लीतल्या दोघीतिघी. कुणी विचारलं नाही. शेवटी धनलक्ष्मी गेली आणि दार लोटून घेतलं.

मग काही झालं नाही. आत शांत होतं. थोड्या वेळानं कुणीतरी गुणगुणल्यासारखं करायला लागलं, कुणीतरी हुंदका दिला, तो थांबला. मल्लिनाथांना देवाला काय म्हणावं सुचेना आणि मग ध्यानात आलं, की इथं काही म्हणायचंच नसतं. त्यांना माग आठवला. ताण जास्त झाला की धागे तुटतात. नवीन कामगार तुटलेलं जोडत बसतो, जोडलं की परत तुटतं. जुना फिटर धाग्याला हात लावत नाही. तो मागं जातो आणि बीम एक दात सैल करतो. बस. पुढचं कापड आपोआप नीट येतं.

आयुष्यभर हेच केलं, आणि सहा महिने तुटलेलं जोडत बसलो, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. लिंगपूजा याच तळहातावर करायची असते. दाक्षायणी रोज सकाळी करायची, हात असा पुढं धरून, आणि ते पेपरच्या वरून बघायचे. घे, ते मनात म्हणाले. कुणाला म्हणाले, ते त्यांनी शोधलं नाही. दाक्षायणीला, सिद्धेश्वराला, का लालबीच्या त्याला. घे, तुझंच होतं. मी नुसता पिशवी धरून उभा होतो.

रडू आलं. त्यांनी ते अडवलं नाही. मे महिन्यात लोकांसमोर जे आलं होतं त्यापेक्षा हे वेगळं होतं, याला घाई नव्हती.

आतून लालबीचा आवाज आला, "झालं."

त्यांनी खाली बघितलं. हात उघडा होता आणि डबी तळहातावर नुसती बसली होती, कुणीतरी ठेवून गेल्यासारखी. बोटं कधी सुटली ते त्यांना कळलं नाही.

ते खाली आले तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. बसवेशनं खोरं आणि पाण्याचा तांब्या स्वामींच्या मोटरसायकलीला बांधला होता. भुवनेश्वरीनं पितळी पाटी उचकटून काढली होती आणि फोटो सोप्यातच, मल्लिनाथांच्या पेपरच्या खुर्चीसमोर लावायला खिळा शोधत होती.

लालबी जिना उतरली तशा अक्का तिच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या.  मग म्हणाल्या, "माझ्याकडं चार ब्लाउज हायत शिवायचे. उद्याची गाडी चुकली तरी चालेल. माप घ्या सकाळी. आणि हितल्या बायकांना मी स्वतः सांगते, कुणाकडं टाकायचे ते."

"बाही लांब ठेवू का आखूड?" लालबीनं विचारलं.

"तुमाला बरी दिसेल तशी."

मल्लिनाथांनी स्कूटर काढली. अक्का मागं बसल्या, एका हातानं त्यांचा खांदा धरला. "ती डिकीत ठेव की मल्लू. मला धरायला दोन्ही हात पायजेत."

"डिकीत न्हाय." त्यांनी मागं हात केला आणि डबी अक्कांच्या तळहातावर ठेवली. "तू धर. मी हळू चालवतो."

अक्कांनी ती धरली. मग दोऱ्याशी नाक नेलं आणि पदरात घेतली.

मल्लिनाथांचा हात सवयीनं बंडीच्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. हात हँडलवर आला.

वरच्या खिडकीतून धनलक्ष्मीनं वाकून विचारलं, "मामा, बसकरं टाकायला लागले. आज दहा टाकू का नऊ?"

"कितीजण हायत?"

"तुम्ही धरून नऊ."

"मग नऊच टाक," मल्लिनाथ म्हणाले. "साडेसहाला येतो मी."